रोसीला 'तू' लिहायचं राहून गेलं

हे मला आत्ताच सांगायचंय. खरं तर पुरवणीवाल्यांनी "सावकाश लिहा, पुढच्या महिन्यात दिलंत तरी चालेल" असं म्हटलं होतं, पण उशीर केला तर मी हे जरा जास्तच नीटनेटकं लिहीन आणि मग ते तिचं राहणार नाही... म्हणून आत्ता, सिंगापुरात, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये, रूममेटच्या इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, जसं आठवेल तसं टाइप करतेय. नलिनीताई गेली. नलिनी मेश्राम. मूळ नागपूरची, गेली कित्येक वर्षं सिंगापूरची, आणि मधली बरीच वर्षं बल्गेरियाची, सोफिया शहरातली. वयानं माझ्या दुपटीहून मोठी. एवढं लिहून मी चिंचवडला आईला फोनवर वाचून दाखवलं तर आई म्हणाली, "अगं, गेलेल्या माणसाबद्दल लिहितेस ना, मग 'त्या गेल्या' असं लिही. 'ती गेली' काय? वाचणाऱ्याला काय वाटेल?" काय वाटायचं ते वाटू दे. मी 'ती'च लिहिणार आहे. ते तिनं मला दिलेलं होतं, आणि या लेखात दुसरं काही नाहीच, एवढंच आहे... कोण कुणाला काय म्हणतं, आणि कोण कुणाला काय म्हणायचं राहून जातं.

बातमी मला एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत कळली. सकाळची गर्दी, एका हातात छत्री, एका हातात फोन, तोआ पायोह यायला थोडाच वेळ होता. अमोलचा मेसेज आला. अमोल म्हणजे तिचा भाचा, ती आजारी पडल्यावर नागपूरहून आलेला. 'आत्या गेली. पहाटे, झोपेत. तू ऑफिसला जाऊन ये, घाई नको.' घाई नको... मी ते परत परत वाचलं. मग स्टेशन आलं, उतरले, ऑफिसात जाऊन बसले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. कॉम्प्युटर चालू केला तर आम्हा दोघींची फाइल उघडीच होती आणि बाजूला तिनं आदल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून टाकलेली कॉमेंट: 'इथे तुम्ही नको. पैसे अडकलेत, माणूस घाबरलेला आहे. जवळचं कोणीतरी बोलून राहिलं असं वाटू दे त्याला.' मी तिथं क्लिक केलं आणि तो 'तुम्ही' काढला. मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

आमचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुमच्या फोनवर 'पुढे जा', 'पुन्हा प्रयत्न करा', 'तुमचं खातं बंद झालं आहे' असं जे येतं ना, ते कुणीतरी बसून लिहिलेलं असतं. ते आम्ही. आमची छोटी कंपनी आहे, दहा-बारा भाषांची माणसं एका मजल्यावर. मी मराठी आणि हिंदी करते, ताई बल्गेरियन करायची. आणि अर्धी भांडणं एकाच गोष्टीवरून... ॲपनं माणसाला तू म्हणायचं की तुम्ही? गेमनं तू म्हटलेलं चालतं, बँकेनं नाही. पण औषधाची आठवण करून देणाऱ्या ॲपनं? ते डॉक्टरसारखं बोलणार की बहिणीसारखं? आमचा मॅनेजर इथलाच. तो मीटिंगमध्ये डोकं धरून म्हणायचा, इंग्लिशमध्ये एकच 'यू' आहे, तुम्ही लोक एवढं कॉम्प्लिकेटेड कशाला करता लाह, इथं सगळे वाक्याला ते 'लाह' जोडतात. ताई शांतपणे त्याला विचारायची की तू तुझ्या सासूला नावानं हाक मारतोस का. तो पुढच्या मुद्द्यावर जायचा.

बल्गेरियनमध्ये आपल्यासारखंच आहे. 'ति' म्हणजे तू आणि 'वीए' म्हणजे तुम्ही. आणि पत्रात एकट्या माणसाला मानानं तुम्ही लिहायचं असेल तर 'वीए'चं पहिलं अक्षर मोठं काढतात, दिसायला इंग्रजी बी-सारखं. मला त्या भाषेतलं बाकी काही वाचता येत नाही, पण ते मोठं अक्षर मी लांबून ओळखते. तिनंच शिकवलं. त्याचं पुढे येईल.

सुरुवातीला मी तिला मॅडम म्हणायचे. मग मेश्राम मॅडम, मग नलिनीताई, पण सोबत 'तुम्ही' घट्ट. चिंचवडची ना मी, वर्गातल्या मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीलासुद्धा अहो-जाहो करणारी. एकदा जेवायला हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, समोरासमोर बसलो होतो. माझ्यासमोर फिशबॉल नूडल्स, तिच्या डब्यात पोळी आणि कसलीतरी लालभडक चटणी. ती तिच्या बल्गेरियाची, लाल ढोबळी मिरची भाजून, सोलून, आटवून केलेली. "काय पाहून राहिली? खाऊन पाह," म्हणाली. मी म्हटलं, "तुम्ही घरी करता?" तर तिनं डबा मागे ओढला. म्हणाली, "हे पाय, तिकडं एक रीत आहे. मोठ्या माणसानं आधी म्हणायचं असतं, चल, आपण 'तू'वर येऊ. लहानानं आपणहून घुसायचं नाही. पण मोठ्यानं एकदा म्हटलं की लहानानं नाही म्हणायचं नाही, तो अपमान असतो. मी म्हणून राहिली. आता बोल." आणि स्वतःचा कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा ग्लास माझ्या लिंबाच्या सरबताच्या ग्लासावर टणकन आपटला, कारण तिकडं ते ग्लास भिडवून करतात. शेजारच्या टेबलावरचे चिनी आजोबा वळून बघायला लागले. मी कसंबसं म्हटलं, "ताई... तू ही चटणी घरी करतेस?" ती म्हणाली, "हं. आता खा." आणि डबा पुढे सरकवला.

ती नागपूरहून सोफियाला गेली ती स्कॉलरशिपवर, वस्तीतली परदेशी जाणारी पहिलीच मुलगी. वडील शाळेत हेडमास्तर. त्यांनी नकाशात बल्गेरिया दाखवला आणि आईला सांगितलं की थंडी आहे, स्वेटर लागेल, एवढंच. स्वेटर पुरला नाही. हॉस्टेलच्या खोलीत जोडीला रोसित्सा नावाची मुलगी मिळाली. रोसी. रोसीनं पहिल्याच दिवशी स्वतःचा जास्तीचा कोट हिच्या अंगावर टाकला, भाषा येत नसताना, नुसती बडबड करत. दर शनिवारी ती हिला आपल्या घरी ओढून न्यायची. तिथं रोसीची आई, स्तांका. त्यांना ही 'लेल्या स्तांका' म्हणायची. लेल्या म्हणजे आपली मावशी समजा. त्या लेल्या स्तांका रविवारी संध्याकाळी दोघींना बसला सोडायला यायच्या आणि हिच्या कोटाची बटणं लावत एक वाक्य म्हणायच्या, नीट राहा गं, अशा अर्थाचं. पण त्यात मध्येच एक इवलंसं 'मी' असायचं. त्यांच्याकडं त्याचा अर्थ 'मला'. वाक्याला त्याची काही गरज नाही, काढून टाकलं तरी अर्थ तोच. ताईनं व्याकरणाच्या सरांना विचारलं की हा शब्द इथं काय करतो, तर सर म्हणाले, काही करत नाही, फक्त जीव लावतो. आपल्याकडं कुणी "नीट जा गं माझी बाई" म्हणतं ना, तसंच काहीसं.

बस, ताई तिथंच अडकली. सगळी पीएच.डी. तिनं त्या भाषेतल्या सर्वनामांवर केली. मी, तू, तुम्ही, ती, आपला... एवढेसे शब्द, आणि गोष्ट लिहिणारे लोक त्यांच्याशी काय काय खेळतात. मला ती लंच अवरमध्ये समजावून सांगायची आणि माझ्या नूडल्स गार व्हायच्या. म्हणजे असं बघा, आपण म्हणतो 'केलं सगळं'. आणि आपण म्हणतो 'मी केलं सगळं'. आता यातला 'मी' आला की लगेच कळतं, एकतर ऐट आहे किंवा काहीतरी दुखलंय. त्यांच्याकडंही तसंच, क्रियापदातच कळतं कोण बोलतंय, मग 'मी' अर्थाचा शब्द उगाच येत नाही, आला की कान टवकारायचे. आणि नवरा-बायकोचं चांगलं तू-तू चाललेलं असताना बायको एकदम "तुम्हीच शहाणे" म्हणते तेव्हा तिथं मान वाढलेला नसतो, दार लागलेलं असतं. हे ती असं सांगायची की मला घरी आल्यावर आईबाबांचे सगळे जुने संवाद आठवून हसू यायचं.

आणि अशी ही बाई, जिनं आयुष्य यात घातलं, तिनं स्वतः...

ते असं झालं. ती सिंगापूरला आल्यावर काही वर्षांनी लेल्या स्तांका गेल्या. रोसीचा मेसेज आला. ताईला लगेच जाता येईना. मग ती पत्र लिहायला बसली, ईमेलच, पण तिच्या डोक्यात ते पत्र होतं. तिच्या वडिलांकडं वस्तीतले लोक सांत्वनाचं पत्र लिहून घ्यायला यायचे. हेडमास्तर म्हटल्यावर अक्षर चांगलं, शब्द चांगले. आणि ते पत्र एका ठराविक थाटातच असायचं, 'आपल्या मातोश्रींच्या निधनाचे वृत्त समजून अतीव दुःख झाले, आपण धीर धरावा.' कालपर्यंत एकमेकांना अरे-तुरे करणारे, एका ताटात जेवलेले, पण घरात माणूस गेलं की कागदावर सगळे 'आपण' व्हायचे. त्यात परकेपणा नाही. मरणाचा मान असतो तो. आपण सगळेच करतो हे, आठवून बघा. ताई लहानपणी वडिलांच्या शेजारी बसून ती पत्रं घड्या घालून पाकिटात भरायची. दुःख कसं लिहायचं हे तिला तेवढं एकच माहीत होतं. तर तिनं रोसीला उत्तमोत्तम बल्गेरियनमध्ये, एकेक शब्द निवडून, सांत्वनाचं पत्र लिहिलं, आणि त्यात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत 'वीए'. मोठं अक्षर काढून.

तिकडं असं कुणी करत नाही. तिकडं ज्या मैत्रिणीच्या आईनं तुझ्या कोटाची बटणं लावली, ती आई गेल्यावर त्या मैत्रिणीला मोठ्या अक्षराचं तुम्ही लिहिणं म्हणजे एकच अर्थ होतो... आजपासून आपलं काही नाही. रोसीचं उत्तर दोन ओळींचं आलं. आपली आभारी आहे. तिनंही मोठं अक्षर काढलेलं.

मी विचारलं, "ताई, तुला कळलं नाही?" तर म्हणाली, तेव्हा नाही कळलं. उलट तिला वाटलं की बघ, रोसीपण मरणाचा मान राखून राहिली. मग हिनं परत तसंच लिहिलं, तिनं परत तसंच. आणि मग कधीतरी एका दुपारी, दुसऱ्याच कुणाच्या तरी मजकुरावर काम करताना, 'ग्राहक चिडलेला असताना तुम्ही वापरू नये, अंतर वाढतं' असं स्वतःच्या हातानं टाइप करताना तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. तोपर्यंत मध्ये इतके तुम्ही साचले होते की एकदम तू कसं लिहायचं... ते मागे जाऊन खोडता येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग माफी मागायची, एवढं काय. मी पण हेच म्हणायचे, रोज म्हणायचे. पण ती रीत आठवा ना, ग्लास भिडवायची. मोठ्यानं आधी म्हणायचं असतं. रोसी ताईहून काही महिन्यांनी मोठी. म्हणजे परत तूवर येऊ हे रोसीनं म्हणायला हवं, हिनं आपणहून म्हटलं तर घुसल्यासारखं होतं. "ती म्हणंल ना. ती मोठी आहे," ताई म्हणायची. मी म्हटलं, ताई, काही महिन्यांनी मोठी म्हणजे काय मोठी, तुम्ही दोघी साठीच्या पुढे आहात. ती म्हणायची, तुझं ते चिंचवडचं डोकं चालवू नको.

आणि हे सगळं चालू असताना पत्रं चालूच होती बरं का, ती कधी थांबली नाहीत, हेच तर सगळ्यात वाईट. एक मार्चला तिकडं लाल-पांढऱ्या दोऱ्याचा गोंडा एकमेकींना देतात, वसंत येतो म्हणून. तो मनगटावर बांधायचा आणि पहिलं फुललेलं झाड दिसलं की काढून त्या झाडाला बांधायचा. रोसी दरवर्षी पोस्टानं गोंडा पाठवायची, सोबत चार ओळी, तुम्हीवाल्या. ताई तो बांधायची, पण इथं सिंगापुरात झाड फुललेलं नाही असा दिवसच नसतो. मग तो काढायचा कधी? ती तोआ पायोहच्या बस स्टॉपवर बोगनवेलीसमोर उभी राहून म्हणायची, "इथं नियमच लागू होत नाही." आणि गोंडा तसाच ठेवायची, मळून तुटेपर्यंत.

उत्तर लिहिताना ती जी कसरत करायची ना, ती कुठल्याही मराठी सुनेला कळेल. नवीन लग्न झाल्यावर नवऱ्याच्या मोठ्या बहिणीला तू म्हणायचं की तुम्ही हे ठरलेलं नसतं तेव्हा आपण कसं बोलतो? 'जेवण झालं का?' 'निघायचं ना?' 'चहा टाकायचा?' कुणालाच काही म्हणायचं नाही आणि काम भागवायचं. तसं ती रोसीला लिहायची. तिकडं थंडी फार पडली म्हणे. गुडघेदुखी कशी आहे. मिरच्या यंदा स्वस्त की महाग. पण बल्गेरियन क्रियापद आपल्यासारखंच चहाडखोर, शेवटी कुठंतरी तू की तुम्ही ते सांगून टाकतंच. मग ती ते वाक्यच खोडायची. मी तिच्या शेजारी बसून पाहिलंय, पानभर लिहायची आणि पाठवायची त्यातल्या चार ओळी. मी म्हटलं, इंग्रजीत लिही ना, रोसीला येतं ना इंग्रजी, तिथं एकच 'यू', प्रश्नच मिटला. ताईनं माझ्याकडं चष्म्यावरून पाहिलं.

"इंग्रजीत लपता येतं," ती म्हणाली. "मला लपायचं नाही ना पोट्टे. मला तिला तू म्हणायचंय."

मग आजारपण आलं. पोटात दुखतंय, दुखतंय करत तिनं ते बरेच दिवस अंगावर काढलं आणि तपासलं तेव्हा उशीर झाला होता, तरी डॉक्टर ऑपरेशन करू म्हणाले. आम्हाला वाटलं होईल नीट. मी ऑफिस सुटलं की रोज जायचे. अमोल बिचारा दिवसभर थकलेला असायचा, मी गेले की तो खाली जेवायला जायचा. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी गेले तर ती उशीला टेकून फोनवर टाइप करत होती. मला दाखवलं. बल्गेरियन अक्षरं, मला काही कळलं नाही, पण मी ते मोठं अक्षर शोधलं, आणि ते नव्हतं. "तू लिहिलंस?" मी विचारलं. मला इतका आनंद झाला, मी म्हटलं, पाठव, आत्ता पाठव, माझ्यासमोर पाठव. तिनं फोन परत घेतला, जरा वेळ बघत राहिली आणि अंगठ्यानं सगळं पुसून टाकलं. एकेक अक्षर मागे मागे जात, सावकाश...

मी खरंच चिडले. म्हटलं, ताई, काय करतेस तू. ती म्हणाली, "आजारी माणसानं तू म्हटलं की समोरच्याला हो म्हणावंच लागतं. ती दया येऊन म्हणंल. मला तिचं तू दयेतलं नको." मग म्हणाली, "बरी झाले ना की लिहीन. उभी राहून लिहीन. तेव्हा तिला नाही म्हणता आलं पाहिजे."

ती चुकीची होती असं म्हणता येत नाही. पण ती बरोबर होती असंही मला म्हणवत नाही. ऑपरेशन झालं. दोन-तीन दिवस बरे गेले, हसली, फाइलमध्ये कॉमेंटसुद्धा टाकल्या, मॅनेजरला मेसेज केला की माझ्या मागे गेमला 'तुम्ही' लावू नको. मग ताप आला. आणि मग ती पहाट.

अंत्यविधी मंडाईला, इथल्या दहनगृहात झाला. नागपूरहून आणखी कुणाला येता आलं नाही, अमोलनं फोनवर सगळ्यांना दाखवलं, आमच्या इथल्या काही मराठी लोकांनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. ऑफिसमधले सगळे आले होते, मॅनेजर पांढरा शर्ट घालून मागे उभा होता, आणि बाहेर आल्यावर मला म्हणाला की ती मला नेहमी सासूवरून बोलायची. नंतर अमोल म्हणाला, आत्याच्या त्या मैत्रिणीला कुणी कळवायचं? मी म्हटलं, मी कळवते. आणि इंग्रजीत लिहिलं. दुसरा इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी रोसीचा फोन आला. आवाज जाडसर, इंग्रजी तुटक. आधी विचारलं, फार दुखलं का तिला. मग विचारलं, तू ती मुलगी का, चटणी खाणारी? म्हणजे ताईनं त्या चार ओळींत कधीतरी मला बसवलं होतं. मग राहवेना म्हणून मी सगळं सांगितलं. हेडमास्तर वडील, सांत्वनाची पत्रं, मरणाचा मान. रोसी म्हणाली, तिला वाटलं होतं की नलीला, म्हणजे ताईला, आपल्या घराची, त्या शनिवार-रविवारांची आता लाज वाटते. ती आता मोठी बाई झाली सिंगापूरची. आई गेली आणि त्याच आठवड्यात नलीपण गेली, असं तिला वाटलं. तिचा नियम निराळा होता. तिच्या मते जो लांब गेला त्यानं परत यायचं असतं, ज्याला सोडलं त्यानं मागे धावायचं नसतं. म्हणून ती वाट बघत होती. नली म्हणेल. दर एक मार्चला गोंडा टाकताना वाटायचं, यंदा म्हणेल.

म्हणजे ही इकडं थांबलेली, ती मोठी आहे म्हणून. ती तिकडं थांबलेली, ही गेली म्हणून. दोघी थांबलेल्या, आणि मध्ये पोस्टातून गोंडे चाललेले.

मी तिला हॉस्पिटलमधलं पण सांगितलं, लिहिलेलं आणि पुसलेलं. सांगावं की नाही कळत नव्हतं, पण सांगितलं. रोसी म्हणाली, "मी दया नसती केली गं. मी आधी तिला शिव्या घातल्या असत्या." आणि मग ती रडली. मी पण. दोघी अनोळखी बायका, इंग्रजीतल्या त्या एकाच 'यू'मध्ये.

हे झालं काही आठवड्यांपूर्वी. आणि परवा तिचा एक फोटो आला. तिकडं एक पद्धत आहे म्हणे, माणूस गेलं की त्याचा फोटो आणि चार ओळी छापलेला कागद घराच्या दारावर, जिन्याच्या दारावर, समोरच्या खांबावर चिकटवतात, येणारा-जाणारा वाचतो. तो कुणी काढत नाही. ऊन-पावसानं जाईल तेव्हा जातो. रोसीनं तिच्या बिल्डिंगच्या दाराचा फोटो पाठवला होता. हिरवं जुनं दार, बाजूला बेलची बटणं, त्यावर शेजाऱ्यांची नावं, आणि मधोमध पांढरा कागद. त्यावर ताई. विशीतली, दोन वेण्या, खांद्यातून ढगळा झालेला कोट, शेजारी कुणीतरी उभं असणार कारण ती तिकडं बघून हसतेय. खाली नाव आणि त्याखाली मोजकीच अक्षरं. मी फोटो मोठा केला आणि आधी ते मोठं अक्षर शोधलं. कुठंच नव्हतं. मग मी विचारलं, काय लिहिलंयस? तिनं इंग्रजीत अर्थ पाठवला, आणि मला त्याचं मराठी करायला एक क्षणही लागला नाही:

'नली, तू लिहिणार होतीस. मीच लिहिते आता. तुझी, रोसी.'

सगळ्या जिन्यानं वाचलं, ती म्हणाली. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं, ही भारतीय मुलगी कोण? रोसीनं सांगितलं, आमच्या घरातली. दुसरा कागद तिनं लेल्या स्तांकांच्या जुन्या घराच्या दारावर लावलाय, तिथं आता दुसरेच लोक राहतात, त्यांनी लावू दिला. म्हणजे आत्ता मी हे टाइप करतेय तेव्हा तिकडं दोन दारांवर ताई आहे, आणि तिला कुणीतरी भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, तू म्हणतंय... आणि ते वाचायला ती सोडून सगळे आहेत.

मला हे कुणाशी तरी बोलायचं होतं आणि आई फोनवर फक्त "आई गं" म्हणाली, म्हणून तुम्हाला विचारते. तुमचं झालंय का असं? एखाद्या जवळच्या माणसाशी नुसतं एखादं मानाचं, बरोबर वाटणारं वाक्य बोललात आणि ते दारासारखं लागलं? आणि मग तुम्ही पण वाट बघत बसलात का, तो मोठा आहे, तिनं म्हणावं, बरं वाटलं की बोलू? आणि जर तुमच्यापैकी कुणाचं ते दार परत उघडलं असेल, तर मला एवढंच सांगा... आधी कोण बोललं?